तळाचा गाळ

मासळी ताजी की शिळी हे ओळखण्याची विद्या आमच्या कोळी घरांत कोणी शिकवीत नाही. ती मुलांना आपोआप येते. कल्ला उचलून पाहावा, तो तांबडा असावा. डोळा भरलेला असावा. पोटावर बोट दाबले तर तेथे खळगा राहू नये. उपवासकाळातील शुक्रवारी आमच्या धर्मग्रामातील भगिनी बाजारात ही परीक्षा ज्या कठोरपणे घेतात, तेवढी कठोर परीक्षा आम्ही उभ्या शिक्षकी पेशात कधी घेतली नसेल. मात्र या साऱ्या कसोट्या मासा मेल्यानंतर त्याचे काय झाले एवढेच सांगतात. जिवंतपणी तो कोणत्या तळावर लोळत होता आणि त्या तळाच्या गाळात काय मुरलेले होते, हे कल्ल्याच्या रंगावरून कळत नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम आला तो जर्मनीहून. आमचा भाचा तेथे कील या बंदराच्या शहरी जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे. पहिल्या उन्हाळ्यात तो सोबत्यांबरोबर समुद्रस्नानास गेला, तेव्हा त्याला एकाने सहज सांगितले, की समोर दिसते ना, तेथे पाण्याखाली टॉर्पेडो आणि सुरुंग पडलेले आहेत, युद्धापासून. रात्री त्याचा दूरध्वनी आला. "मामा, किनाऱ्यावर लोक निवांत आइस्क्रीम खात होते हो," तो म्हणाला. त्याच्या स्वरात भीतीपेक्षा नवल अधिक होते. आम्ही मात्र अस्वस्थ झालो, आणि पुढे काही महिने मिळेल ते वाचीत बसलो. त्या वाचनातून आणि धाकट्या बंधूंशी झालेल्या वादांतून हा लेख उतरला आहे. बंधू अजूनही बोट चालवितात, आणि समुद्राविषयी पुस्तकातून कळते यावर त्यांचा फारसा विश्वास नाही.

कीलच्या खाडीमुखाशी असलेल्या त्या जागेचे नाव कोल्बर्गर हायडे. १९४५ मध्ये जर्मनी शरण गेली तेव्हा त्या देशात दारूगोळ्याचे डोंगर शिल्लक होते. जेत्यांना ते लवकरात लवकर नाहीसे करावयाचे होते, आणि सर्वांत स्वस्त जागा समुद्र. तराफे, मालवाहू होड्या, मासेमारीच्या बोटीसुद्धा या कामाला लावण्यात आल्या. ठरलेल्या जागेपर्यंत जाण्याची तसदी न घेता अनेकांनी वाटेतच माल लोटून दिला, त्यामुळे आज नकाशावर दाखविलेल्या जागांबाहेरही हे लोखंड विखुरलेले आढळते. जर्मनीच्या उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र अशा दोन्ही पाण्यांत मिळून सुमारे १६ लाख टन दारूगोळा पडून आहे असा तेथील सरकारी अंदाज आहे. कोळ्यांच्याच होड्यांनी कोळ्यांच्याच शेतात हे बी पेरले, हे वाचून आमचे बंधू काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे चांगले मिळाले असतील, दादूस. लढाईनंतर उपाशी कोण नव्हतं?"

आम्हा मुंबई-वसईकडच्या लोकांना हा विषय परका वाटू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उडाले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्याच सोबतीला कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, गंधक, लाकूड आणि माशांचे खतदेखील. कापसाशेजारी दारू ठेवण्याची बुद्धी ज्यांना झाली त्यांच्याविषयी आम्ही काय लिहावे! दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझविण्यास धावलेले ६६ अग्निशामक जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थच देशभर १४ एप्रिलपासून अग्निसुरक्षा सप्ताह पाळला जातो.

आमचे थोरले मामा त्या काळी गोदीत टॅलीक्लार्क होते. ते त्या दिवशी दुसऱ्या धक्क्यावर होते म्हणून वाचले, परंतु डाव्या कानाने त्यांना पुढे कधी ऐकू आले नाही. गोदीचा विषय निघाला की इतर लोक सोन्याच्या विटांच्या गोष्टी सांगत. जहाजावर सोनेही होते, आणि त्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना सापडत राहिल्या, हे खरेच आहे. मामांना त्या सोन्यात रस नव्हता. ते म्हणत, "जे उडालं ते गेलं. जे उडालं नाही, ते कुठं गेलं?" ऑक्टोबर २०११ मध्ये गोदीच्या परिसरात ४५ किलो वजनाचा एक जिवंत तोफगोळा सापडला, तेव्हा मामा हयात नव्हते.

मामांचा हा प्रश्न आज रसायनशास्त्रज्ञ विचारतात. बाँबमधली दारू नेहमी पूर्ण जळते असे नाही. स्फोट अर्धवट झाला की दारूची ढेकळे चहूकडे फेकली जातात आणि तळावर जाऊन पडतात. स्फोट झालाच नाही तर पत्रा गंजतो, आणि खाऱ्या पाण्यात पत्र्याला तेवढेच आयुष्य असते जेवढे आपल्या बोटीच्या खिळ्याला. नंतर आत दडलेला पदार्थ पाण्याला भेटतो.

या पदार्थांची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. टीएनटी १८६३ मध्ये विल्ब्रांड या जर्मन रसायनज्ञाने तयार केले, ते पिवळा रंग म्हणून. ते उडते हे कळण्यास पुढे तीन दशके जावी लागली. आरडीएक्सचे पहिले पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेनिंग नावाच्या जर्मनाने घेतले, ते औषधासाठी. रंग आणि औषध! (दारूगोळा हाताळणाऱ्यांची आश्रयदाती म्हणून संत बार्बरेचा धावा करण्याची युरोपात जुनी रीत आहे, स्पॅनिश भाषेत तर जहाजावरील दारूकोठारालाच 'सांताबार्बारा' म्हणतात. रंगाऱ्यांना आणि वैद्यांना तिची गरज भासेल असे त्या काळी कोणाला वाटले नसावे.)

टीएनटीचा पिवळेपणा पुढे माणसांच्या अंगावर उमटला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची कातडी आणि केस पिवळे पडत. लोक त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्यावरून 'कॅनरी मुली' म्हणत. थट्टेचे नाव, पण त्यांतील कित्येकींचे यकृत बिघडले आणि विषारी काविळीने काहींचा अंत झाला. तेव्हा टीएनटी शरीरात गेल्यावर यकृताला गाठते, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती पुन्हा लागेल.

आता गाळाकडे वळू. टीएनटी पाण्यात फारसे विरघळत नाही. एका लिटरला साधारण शंभर मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीच्याही अंशाएवढे. म्हणूनच त्याचे एक ढेकूळ तळावर वर्षानुवर्षे झिजत राहते, तोंडात धरलेल्या खडीसाखरेसारखे, फक्त फार सावकाश. विरघळलेल्या टीएनटीचे गाळात काय होते, ही हकीकत मोठी रम्य आहे. तळाचा गाळ काळा असतो, त्यात हवा पोचत नाही, आणि तो सूक्ष्म जंतूंनी भरलेला असतो. खारफुटीच्या चिखलात गुडघाभर रुतलेल्या प्रत्येक वसईकराला त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास माहीत आहे. हे जंतू टीएनटीच्या अंगावरील नायट्रो गटांतला प्राणवायू ओढून काढतात. तीनांपैकी एका गटाचे असे रूपांतर झाले की अमिनो-डायनायट्रोटोल्युइन नावाचा पदार्थ तयार होतो. आणखी एकाचे झाले की डायअमिनो. असे बदललेले रेणू गाळातील कुजलेल्या पालापाचोळ्याला घट्ट चिकटतात. चिकटतात म्हणजे नुसते टेकत नाहीत, रासायनिक गाठ मारून बसतात. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेली हळद जशी धुतल्याने जात नाही, तसा हा पिवळा रंग गाळाच्या धाग्याधाग्यात शिरतो. प्रयोगशाळेत संशोधक गाळाच्या बरणीत मोजून टीएनटी घालतात आणि काही दिवसांनी पुन्हा मोजू जातात, तर बहुतेक टीएनटी सापडतच नाही. ते नष्ट झाले म्हणावे तर तसेही नाही. ते गाळाचाच भाग झालेले असते, आणि एकदा असे बांधले गेले की त्याचा उपद्रव पुष्कळच घटतो.

आरडीएक्सचा स्वभाव याच्या उलट. ते टीएनटीहूनही कमी विरघळते, पण जेवढे विरघळते तेवढे गाळाला धरून राहत नाही, पाण्याबरोबर चालू लागते. जमिनीवर सांडले तर विहिरीपर्यंत जाते. अमेरिकेतील लष्करी सरावक्षेत्रांखालच्या भूजलात ते सापडते ते याच कारणाने. प्राणवायू नसलेल्या गाळात मात्र जंतू त्याचे कडे तोडू शकतात. माशांना ते टीएनटीएवढे जहाल नाही. त्याचा रोख मज्जासंस्थेवर असतो, आणि अधिक मात्रेत माणसाला झटके येतात.

बंधूंना हे सारे ऐकवले तेव्हा त्यांनी विजयी मुद्रेने मान हलविली. "मी काय सांगत होतो? दर्याच्या पोटात सगळं जिरतं." त्यांचे हे मत आमच्या वडिलांचेही होते, आणि आजोबांचेही असावे. गाळाची बाजू पाहिली तर ते निम्मे बरोबर आहे, हे आम्हाला मान्य करावे लागले. गाळ विष बांधतो. पण गाळ बांधील त्यापेक्षा अधिक विष रोज वरून झिरपत असेल तर? जिरविणारे पोट कितीही मोठे असले तरी वाढणारा हात थांबला पाहिजे.

तेथील शिंपल्यांनी हेच दाखवून दिले. आपल्याकडे गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच जातीचे निळे शिंपले बाल्टिकमध्ये होतात. शिंपला दिवसभर पाणी आत घेतो, गाळतो, बाहेर सोडतो. पाण्यात जे आहे ते त्याच्या मांसात उतरते. कील विद्यापीठातील विषशास्त्रज्ञ एडमुंड मासर यांच्या गटाने कोल्बर्गर हायडेच्या तळावर जाळीच्या पिशव्यांत असे शिंपले टांगले आणि काही महिन्यांनी काढून तपासले. गंजलेल्या पण अखंड सुरुंगांजवळच्या शिंपल्यांत अमिनो-डायनायट्रोटोल्युइन मिळाले. ज्या जागी पूर्वी सुरुंग स्फोट करून फोडले होते आणि दारूची ढेकळे उघड्यावर विखुरली होती, तेथल्या शिंपल्यांत ते कितीतरी पट अधिक होते, आणि मूळ टीएनटीसुद्धा होते. म्हणजे धोका टाळावा म्हणून जो स्फोट केला, त्यानेच विषाची पुडी सोडली.

लेपीसारखा एक चपटा मासा तिकडे आहे, डॅब नावाचा. तो तळाला पोट लावूनच जगतो. थ्यूनेन संस्थेच्या संशोधकांना कोल्बर्गर हायडेच्या परिसरातील सुमारे २५ टक्के डॅबच्या यकृतात गाठी आढळल्या. अन्य ठिकाणी हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. याच माशांच्या पित्तात टीएनटीपासून झालेले पदार्थही मिळाले. दोहोंचा कार्यकारणसंबंध पूर्ण सिद्ध झाला असे संशोधक म्हणत नाहीत, आणि सावध बोलणे हे त्यांचे कामच आहे. पण यकृत म्हटल्यावर आम्हाला त्या पिवळ्या मुली आठवल्या. बाजारातील मासे खाणाऱ्याला आज धोका नाही असे तेथील तज्ज्ञ सांगतात. आमचा भाचा मासे खातो, आणि त्याच्या आईने आता त्यास हरकत घेणे सोडले आहे.

कीलच्याच गेओमार या समुद्रसंशोधन संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार बाल्टिकच्या नैर्ऋत्य भागातील पाण्यात विरघळलेल्या स्फोटक रसायनांचे एकूण वजन सुमारे ३,००० किलो भरते. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात त्यांचा अंश होता. बहुतेक ठिकाणी तो अत्यल्प, पण जेथे ढेकळे तेथे जीवांना अपाय होईल एवढा.

मग करावे काय? फोडावे, तर शिंपल्यांची गोष्ट आपण पाहिली. शिवाय ऑगस्ट २०१९ मध्ये फेमार्न पट्ट्यात जर्मन नौदलाने ४२ जुने ब्रिटिश सुरुंग उडविले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत किनाऱ्याला लागलेल्या २४ मृत पॉरपॉइजांपैकी १० जणांच्या अंगी स्फोटाच्या आघाताच्या खुणा मिळाल्या. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा ठेंगणा भाऊबंद. तो कानाने जगतो, आणि पाण्यातला धमाका प्रथम त्याचा कान फाडतो. हे वाचताना मामांचा डावा कान आमच्या डोळ्यांपुढे आला.

तसेच राहू द्यावे, तर पत्रा दरवर्षी पातळ होत चालला आहे. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदवावी लागेल. ल्यूबेक उपसागरात हाफक्रुगजवळ व्ही-१ उडत्या बाँबची शीर्षे पडून आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या पत्र्यावर एका चौरस मीटरमध्ये ४०,००० हून अधिक जीव मोजले गेले, तर भोवतालच्या गाळात सुमारे ८,०००. तारामासे, कृमी, समुद्रफुले सुखाने नांदत होती. आम्ही हे बंधूंना मोठ्या नवलाने सांगितले, तर त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. "चिखलात घट्ट जागा मिळाली की जीव धरणारच. आपल्या डोलीच्या खुंटावर कालवं बसत नाहीत का?" कारण नेमके तेच आहे. बाल्टिकच्या तळावरील धोंडे पूर्वी माणसांनी बांधकामासाठी उपसून नेले, त्यामुळे चिकटून राहण्यास जीवांना कठीण पृष्ठ उरले नाही. त्यांनी बाँबचा आधार घेतला. दारूच्या उघड्या भागावर मात्र ते फारसे बसत नाहीत.

राहिला तिसरा मार्ग, वर काढण्याचा. जर्मन सरकारने त्यासाठी १० कोटी युरोंची तरतूद केली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ल्यूबेक उपसागरात पहिले प्रायोगिक काम सुरू झाले. यंत्रमानव आणि पाणबुडे तळावर जाऊन गोळे, पेट्या, काडतुसे वेगळी करतात आणि बंद पेट्यांत भरतात. पुढे समुद्रातच दारू जाळून नष्ट करणारा एक तरंगता कारखाना उभारण्याची योजना आखली गेली, म्हणजे गंजलेला माल रस्त्यावरून वाहून नेण्याचा धोका नको.

आपल्या खाडीलाही या मालाची ओळख नाही असे नाही. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर, रायगडच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या साठ्यातील आरडीएक्सची पोती घोडबंदरजवळच्या नागला बंदरच्या खाडीतून पोलिसांनी काढली. तोच खाडीचा पट्टा, ज्याचे पाणी पुढे आमच्या वसईच्या किल्ल्याला लागते. लढाई हरलेला देश असो वा पोलिसांना घाबरलेला गुन्हेगार, नको असलेली दारू टाकण्याची जागा दोघांनाही एकच सुचली.

म्हणून जाळ्यात गंजके, जड, ओळखू न येणारे लोखंड आले तर ते भंगाराच्या भावाने पाहू नये, फोडू नये, घरी आणू नये. आहे तेथेच सोडून जागेची खूण ध्यानात घ्यावी आणि तटरक्षक दलाला किंवा पोलिसांना कळवावे. आमच्या सांगण्यावरून बंधूंनी हे आपल्या खलाशांना सांगितले आहे. पिवळट-तपकिरी ढेकळाबद्दलही सांगितले, जरी एका खलाशाने तो गूळ असेल असा विनोद केला.

परवा बंधूंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. जाळी विणता विणता, मान वर न करता. "लोखंड काढतील ते, दादूस. पण इतकी वर्षं ज्या गाळात ते पडलं होतं त्या गाळाचं काय? तो पण उपसणार?"

आम्ही सांगितले, की तो बहुधा न ढवळणेच बरे. ढेकळे नाहीशी झाली की वरून येणारा पुरवठा थांबेल, आणि जे मुरले आहे ते जंतू हळूहळू बांधून टाकतील.

"म्हणजे जिरवणार गाळच," ते म्हणाले, आणि दोरा दातांनी तोडून त्यांनी पुढची गाठ घेतली.